चोविसावी हुडी

नोएमी बारोझीचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता. विजेचं मीटर वाचणारा माणूस आकडा लिहून गेला की ही मागोमाग जाऊन तो स्वतः वाचायची. खाटीक मांस तोलायला लागला की हिची नजर त्याच्या अंगठ्यावर. एकदा पाद्रीबाबांनी तिला "कशी आहेस?" असं लागोपाठ दोनदा विचारलं, तर घरी येऊन म्हणाली, "त्यांना काहीतरी कळलंय." काय कळलंय ते हिलाही ठाऊक नव्हतं, पण कळलंय एवढं नक्की! आता अशा बाईचं काय करायचं?

पण गंमत बघा, तिच्या शिवणीवर मात्र सगळं पेर्गामिनो गाव डोळे मिटून विश्वास ठेवायचं. सतराव्या वर्षी ती जीन्सच्या कारखान्यात लागली आणि वीस वर्षं तिने नुसत्या खिशांच्या दुहेरी टिपा मारल्या. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने निरोप म्हणून प्रत्येक बाईला एकेक जुनं मशीन दिलं. बाकीच्या बाया रडल्या, मालकाच्या गळ्यात पडल्या. नोएमीने आधी त्याच्याकडून लिहून घेतलं की हे मशीन मी हिला राजीखुशीने देतो आहे, आणि मग ती रडली. ते मशीन तिने घराच्या पुढच्या खोलीत मांडलं आणि तिथेच तिचा संसार उभा राहिला.

संसार म्हणजे तरी काय, तीन माणसं. नवरा आतीलियो धान्याचा ट्रक चालवायचा. एप्रिलमध्ये सोयाबीन निघालं की तो रोसारियोच्या बंदरावर ट्रकांच्या रांगेत दिवस दिवस अडकून पडायचा. माणूस अबोल. आणि एकुलती एक ओरियाना. दोन बाळं पोटातच गेल्यावर झालेली ही तिसरी. ते नाव नोएमीने पाचव्या महिन्यातच ठरवलं होतं, कारखान्यात मशीनवर बसल्या बसल्या, आणि पोरगी जिवंत हातात येईपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. अगदी आतीलियोलाही नाही. न जाणो, कुणाची नजर लागायची.

आता ओरियाना सतरा वर्षांची होती, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. आणि नोएमीचा सगळा संशय, जो आजवर खाटीक, पाद्री, मीटरवाला यांच्यात वाटला जायचा, तो गेले तीन महिने एका माणसावर येऊन ठेपला होता. ती म्हणजे मानसतज्ज्ञ क्लेलिया ग्राना.

तसं पेर्गामिनोत मानसतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे केस कापायला जाण्याइतकं साधं. खाटीकही जायचा, त्याची बायकोही जायची, आणि दोघं आपापल्या बाईंचं कौतुक गिऱ्हाइकांना सांगायचे. ओरियानाला तिकडे पाठवली होती ती नोएमीनेच. पोरीने जेवण सोडलं, हँडबॉल सोडला, भर जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना, जाड स्वेटशर्ट घालून फिरायला लागली. आईच्या जवळ यायची बंद झाली. गालाला गाल लावून "येते" म्हणायची तेवढंच, तेही पत्र पोस्टात टाकल्यासारखं. मग नोएमी घाबरली आणि तिने नाव काढलं बाईंचं.

आणि तिथेच पस्तावली. कारण ग्रानाबाई ताकास तूर लागू देईनात. दर मंगळवारी पन्नास मिनिटं दार बंद. नोएमी समोरच्या बेकरीत बसायची, खिडकीवर डोळा ठेवून. पडद्यामागे काही हललं की बेकरीवालीला म्हणायची, "बघितलंस? पडदा का ओढतात? चांगल्या गोष्टीला पडदा कशाला लागतो?" बेकरीवाली म्हणायची, "ऊन येत असेल." पोरगी बाहेर आली की ही तिच्या तोंडाकडे बघायची, डोळे लाल आहेत का, हसते आहे का, चालते कशी. दप्तर तपासायची. खिसे तपासायची. एवढं सगळं करायची, पण पोरीला तोंडाने म्हणून कधी विचारायची नाही.

"अगं, विचार की तिला सरळ," बेबा म्हणायची. बेबा ही तिची कापड कापणारी, साठी उलटलेली, एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात मात्तेचा पेला. तो कडू काढा नळीने ओढल्याशिवाय तिची कात्री चालायची नाही.

"विचारून कोण खरं सांगतं?" नोएमी म्हणायची.

"मग न विचारता तरी कोण सांगतंय तुला?"

यावर नोएमी मशीन जोरात चालवायची.

*

तर झालं असं. दर वर्षी शेवटच्या वर्गाची मुलं सगळ्यांसाठी सारख्या हुड्या, म्हणजे टोपीवाले स्वेटशर्ट, करून घेतात. त्यांचा रंग, त्यांचं चित्र हे मोठं गुपित असतं. पाठीवर ज्याचं त्याचं नाव असतं, पण दाखल्यावरचं नव्हे, तर वर्गात ज्याला जे म्हणतात ते. एप्रिलमधल्या एका शुक्रवारी त्या शाळेच्या दारात, ढोल बडवत, सगळ्या शाळेसमोर पिशव्या फोडून अंगात घालायच्या. तोवर पिशव्या चिकटपट्टीने बंद. मग वर्षभर ती पोरं तीच हुडी घालून झोपतात, तीच घालून उठतात, वास मारेपर्यंत.

ओरियानाच्या वर्गाचं काम नोएमीकडे आलं. वर्गाची पुढारी होती ताना, मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची पोरगी. तिने यादी आणून दिली आणि का कोण जाणे, देताना नोएमीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. नोएमीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच.

यादीत चोवीस नावं. ही पोरं तिने बालवाडीपासून बघितलेली, प्रत्येकाचं टोपणनाव तिला पाठ. जाड्या म्हणजे औषधवाल्याचा. पिसू म्हणजे ती बुटकी, सायकलवाल्याची. रशियन म्हणजे तो पांढऱ्या केसांचा. एकेका नावावर बोट ठेवत ती खाली आली. ओरियाना नाही. ओरी नाही. पुन्हा वरून वाचलं. चोविसाव्या ओळीला एकच नाव असं होतं, जे तिने कधी ऐकलं नव्हतं. फेर्मीन. पुढे माप, लार्ज.

"हा कोण फेर्मीन?" तिने बेबाला विचारलं.

"मला काय ठाऊक? नवा आला असेल कुठून तरी."

"आणि माझी पोरगी कुठाय?"

बेबाने चष्मा लावून यादी बघितली. "नाहीये गं."

नोएमी खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यासमोर सगळं लख्ख झालं. पोरीने हँडबॉल सोडला होता. सहलीच्या पैशांसाठी वर्गाने एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, तळून विकल्या, तेव्हा पोरगी गेली नव्हती. म्हणून त्या कार्ट्यांनी तिला गाळली! गाळली आणि तिच्या जागी कुणीतरी उपरा घुसवला. आणि निर्लज्जपणा असा की यादी दिली कुणाकडे, तर तिच्या आईकडेच.

"म्हणून ती ताना माझ्याकडे तशी बघत होती," नोएमी म्हणाली. "चोरटी."

"आता काय करणारेस?"

"काय करणार? फेर्मीनबुवांना बसवणार घरी."

तिने पेन घेतलं, ते नाव खोडलं आणि वर मोठ्या अक्षरात ओरियाना लिहिलं. मापं आधीच कळली होती आणि बेबाने चोवीस हुड्यांचं कापड त्याप्रमाणे कापून ठेवलं होतं, म्हणून माप तेवढं लार्ज राहिलं. हल्ली पोरं पोतीच घालतात, तिने मनाशी म्हटलं. पांढऱ्या कापडातून तिने आपल्या लेकीच्या नावाची सहा रोमन अक्षरं कापली, पाठीवर मांडली आणि बारीक नागमोडी टीप घातली, इतकी घट्ट की कुणाच्या बापाला निघू नये. बाकीच्यांना एक टीप, हिला दोन.

घरी अवाक्षर काढलं नाही. शुक्रवारी सगळ्या शाळेसमोर पिशवी फुटेल आणि त्या कार्ट्यांची तोंडं बघण्यासारखी होतील, यातच तिला समाधान होतं.

*

बुधवारी दुपारी ताना येऊन, वर यादीतले आकडे टाकलेल्या, चोवीस बंद पिशव्या घेऊन गेली. थोड्या वेळाने ओरियाना शाळेतून आली आणि कारखान्याच्या दारात, म्हणजे पुढच्या खोलीच्या दारात, उभी राहिली. दप्तर पाठीवरच. चेहरा पांढराफटक.

"ताना म्हणाली काम झालं."

"झालं."

"यादी वाचलीस तू?"

"वाचली की."

"सगळी?"

"शेवटच्या नावापर्यंत," नोएमी म्हणाली. तिला वाटलं, बिचारीला माहीत आहे आपल्याला गाळलंय ते, लाजेने मरते आहे. मशीनवरून नजर न काढता ती हळूच म्हणाली, "तू काही काळजी करू नकोस. तुझं नाव मी माझ्या हाताने शिवलंय. असायला हवं तसंच."

दप्तर जमिनीवर पडलं. पोरगी दोन ढांगांत आत आली आणि तिने आईला मिठी मारली. मशीन, खुर्ची, मांडीवरचं कापड, सगळ्यासकट. आणि रडायला लागली, हुंदके देऊन, हसत हसत. "मला वाटलं तू फाडून टाकशील," ती म्हणाली. "शप्पथ, आई, मला वाटलं तू यादी फाडशील."

नोएमीला काही कळलं नाही. पण सहा महिन्यांनी लेकीचं डोकं तिच्या मानेत आलं होतं, आणि तिने श्वास रोखून धरला, हलली नाही, एक शब्द बोलली नाही.

त्या संध्याकाळी पोरीने चार मिलानेसा, ते पाव लावून तळलेले मांसाचे काप, खाल्ल्या. भांडी घासली. भांडी घासताना गुणगुणली! बापाला फोन करून म्हणाली, "आई जगात भारी आहे." आणि नोएमी टेबलाशी बसून बघत राहिली. इतका आनंद? एका हुडीचा? नाही, नाही. इथे कुठेतरी पाणी मुरतंय. सुतावरून स्वर्ग गाठणारी बाई ती. तिला तो खोडलेला फेर्मीन आठवला. हा कुणीतरी मुलगा असणार. पोरीचं त्याच्याशी काहीतरी आहे. बाईंना सगळं ठाऊक आहे आणि त्या झाकतायत. काही गोळ्याबिळ्या तर देत नाहीत?

*

गुरुवारी दुपार होता होता, वेळ न घेता, नोएमी ग्रानाबाईंच्या जिन्याने वर चढली. खिळ्यामोळ्यांच्या दुकानावरची ती खोली. दोन खुर्च्या, एक कोच, रुमालांचा खोका. बाई पन्नाशीच्या, स्कर्टवर कुत्र्याचे केस. त्या गालाला गाल लावायला पुढे आल्या. नोएमीने पर्स मध्ये धरली.

"कालपासून माझी पोरगी गातेय," ती म्हणाली. "काय दिलंत तुम्ही तिला?"

"मी काही देत नाही. मी डॉक्टर नाही, बाई. बसा ना."

"मी उभी बरी. हा फेर्मीन कोण?"

ग्रानाबाई बसता बसता थांबल्या. नोएमीने ते टिपलं. "बघा! ओळखता तुम्ही त्याला."

"हे नाव तुम्हाला कुठे मिळालं?"

"वर्गाच्या यादीत. माझ्या पोरीचं नाव गाळून त्याचं घातलं होतं. पण मी काय ऐकून घेणारी आहे? मी ते खोडलं आणि तिचं शिवलं. आणि काल तिला सांगितलं, तुझं नाव शिवलंय, तर रडली, गळ्यात पडली."

बाईंनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा असा झाला की आता नोएमीच घाबरली.

"नोएमीबाई," त्या सावकाश म्हणाल्या, "या खोलीत जे बोललं जातं ते मी बाहेर सांगू शकत नाही. तुम्हालाही नाही. पण उद्या शुक्रवार आहे. आज घरी जा आणि जिने तुम्हाला मिठी मारली तिला विचारा. हुडीबद्दल नका विचारू. माणसाबद्दल विचारा."

"कुठल्या माणसाबद्दल?"

बाईंनी तिच्यासाठी दार उघडून धरलं.

नोएमी तणतणत जिना उतरायला लागली. अर्ध्यावर आली आणि तिचा पाय थांबला. आयुष्यभर तिने मापं घेतली होती. कापलेले तुकडे टेबलावर पडले की कपडा डोळ्यासमोर उभा राहायचा, तसे आता तुकडे पडायला लागले. वर्गात मुलं चोवीस. यादीत नावं चोवीस. मग उपरा आला कुठून? माप लार्ज. घरात ते पोतं अंगावर घेऊन फिरतं कोण? जानेवारीच्या उन्हात स्वेटशर्ट कुणाच्या अंगात होता? तळ्यावर पोहायला कोण येत नव्हतं? न्हाणीघरात स्वतःच्या हाताने केस कुणी कापले होते? मला वाटलं तू यादी फाडशील, असं कोण म्हणालं?

ती पायरीवरच बसली. खालच्या दुकानात कुणीतरी स्क्रू मोजून घेत होतं. तिने कठडा घट्ट धरला.

मग उठली आणि पुन्हा वर गेली. दार न वाजवता आत.

"तुम्हीच भरवलंत हे तिच्या डोक्यात!"

ग्रानाबाई तिथेच उभ्या होत्या, जणू तिची वाट बघत. "मी काही भरवत असते तर सगळ्यात आधी तुम्हाला सांगायला लेकराला शिकवलं असतं," त्या म्हणाल्या.

"तीन महिने! तीन महिने पडदा ओढून मुलीचा मुलगा करत बसलात."

"मी कुणाचं काही करत नाही. ऐकते. उलटसुलट प्रश्न विचारते. घाई असली तर थांबवते."

"आणि उद्या मन बदललं म्हणजे?"

"बदललं तर बदललं. तेही इथे येऊन सांगता येईल. हुडी काढता येते, बाई."

"हे खरं आहे का?" नोएमीचा आवाज फाटला. "तुम्ही शिकलेल्या आहात. मला एकच सांगा, हे खरं आहे की वयाचं खूळ?"

"मला माहीत नाही," ग्रानाबाई म्हणाल्या.

"माहीत नाही?"

"नाही. लेकरू जसजसं सांगेल तसतसं कळेल. त्याआधी कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचा संशय घ्या."

नोएमी बघतच राहिली. खोटं बोलणारी बाई याहून बरं काहीतरी बोलली असती, असं तिला वाटून गेलं. पण म्हणून लगेच कुणावर विश्वास ठेवावा, एवढीही ती भोळी नव्हती. "मी परत येईन," ती म्हणाली. धमकीच होती ती.

"या. तुमच्यासाठी खुर्ची आहे."

*

रस्त्यात उभं राहून तिने आतीलियोला फोन लावला. तो रांगेत होता, पुढे साठ ट्रक. तिने एका दमात सगळं सांगितलं. तिकडून कितीतरी वेळ फक्त इंजिनाची घरघर.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय." मग तो म्हणाला, "हुडी कधी घालायची आहे?"

"उद्या सकाळी."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीयेस?" आणि त्याने फोन ठेवला. नोएमी त्या फोनवर जी भडकली! सोळा आणे मूर्ख माणूस. असं कुठे असतं का? काही विचारपूस नाही, काही आकांत नाही.

पण पाय तानाच्या घराकडेच वळले. दुपारच्या झोपेची वेळ, सगळी दारं बंद, रस्त्यावर एक कुत्रं. ताना जांभया देत दारात आली.

"एका हुडीत टाचणी राहिलीये," नोएमी म्हणाली. "टोचेल कुणाला तरी. परत दे ती."

"कुठली, काकू?"

कुठली? तोंडाने ते नाव उच्चारलं की काहीतरी सही केल्यासारखं होणार होतं. ती दारात उभी राहून स्वतःशीच झगडली.

"फेर्मीनची," ती म्हणाली.

तानाचा चेहरा असा उजळला की नोएमीला रडू फुटायचं राहिलं. "काकू, तुम्ही ना, खरंच! आम्ही सगळे घाबरलो होतो. आम्ही म्हणत होतो, रोसारियोला देऊ शिवायला, काकूंना कळायलाच नको. पण तो ऐकेना. म्हणाला, नाही, माझ्या आईकडेच द्यायची. मला तोंडाने सांगता येणार नाही, तिला वाचू दे."

तानाने आणून दिलेली चोविसाव्या आकड्याची पिशवी नोएमीने छातीशी धरली आणि ती चालू लागली.

म्हणजे ती यादी तिच्यासाठीच होती. चोवीस नावांच्या तळाशी लेकराने आईला सांगितलं होतं, आणि आईने पेन घेऊन ते खोडलं होतं.

घरी येऊन तिने हुडी टेबलावर पालथी घातली. पांढरी सहा अक्षरं. ओरियाना. काय सुंदर शिवली होती तिने! तिच्या मनात आलं, राहू दे. मी आई आहे. हे नाव मी पोटात बाळगलं, दोन पोरं गमावल्यावर, कुणाला न सांगता. ते काढायचा मला कुणी अधिकार दिला? उद्या पिशवी फुटेल, लेकरू ते नाव वाचेल, दोन दिवस रडेल, विसरेल.

पण उद्याचं ते तिला दिसायला लागलं. ढोल. सगळी शाळा. लेकरू पिशवी फोडतंय, हसत, कारण आई जगात भारी आहे. आणि आतून निघतं हे, आईच्या हातचं, दोन टिपांचं.

बुधवारी तिच्या गळ्यात जे पडलं होतं ते तिच्यासाठी नव्हतंच. कुणा दुसऱ्या, शहाण्या बाईसाठी होतं, जिने यादी वाचली आणि मान्य केलं. अशी बाई या घरात नव्हती. लेकराला वाटत होतं की आहे.

नोएमीने टीप उसवायची सुई उचलली.

झोपेची वेळ संपल्यावर बेबा आली. टेबलावर उसवलेले दोरे, कापलेली नवी अक्षरं आणि नोएमी मान खाली घालून रडते आहे, हात मात्र चालूच आहेत. बेबाने नवी अक्षरं वाचली. एकदा यादीकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या ओरियानाच्या फोटोकडे. तिला कळलं. मात्ते करून तिने पेला नोएमीपुढे धरला.

"पटलं तुला हे?" तिने विचारलं.

"एक अक्षर पटलेलं नाही," नोएमी म्हणाली. "तो र तिरका दिसतोय का बघ."

*

चोविसावी पिशवी पुन्हा चिकटपट्टी लावून रात्रीच तानाकडे पोचली होती. शुक्रवारी सकाळी शाळेच्या दारात ढोल वाजले, रंगीत धूर उडाला, पोरांनी दातांनी पिशव्या फोडल्या. नोएमी आयांच्या घोळक्यात मागे उभी होती, पर्स दोन्ही हातांनी धरून. बालवाडीपासूनच्या त्या ओळखीच्या आया तिच्याकडे बघून हसल्या, आणि तिने प्रत्येकीच्या हसण्यात काय काय आहे ते शोधलं. तिचं लेकरू त्या गर्दीत ती मोठी हुडी घालून उड्या मारत होतं, जाड्याच्या खांद्यावर चढत होतं. सगळे ते नवं नाव ओरडत होते. दर वेळी ते कानावर पडलं की तिला मागे वळून बघावंसं वाटायचं, कुणाला हाका मारतायत म्हणून. पण इतकं हसताना तिने ते पोर बघितलंच नव्हतं, गेल्या कित्येक वर्षांत. ते तिला मान्य करावं लागलं.

दुपारी ती तळणीसमोर उभी होती तेव्हा लेकरू घरी आलं. हुडीला घामाचा, धुराचा वास येत होता. लहानपणापासून मशीनखाली बसून वाढलेलं पोर ते. काढलेला कपडा उलटा करून खुर्चीवर टाकायचा, हे आईने शिकवलेलं. तसंच त्याने केलं. आणि मग ते खुर्चीवर वाकलं.

नोएमीला वळून बघायची गरज नव्हती. पाठीच्या आतल्या बाजूला, नव्या टिपेच्या आगेमागे, सुईच्या जुन्या भोकांच्या दोन दोन रांगा होत्या. फच्या जागी एक मोठा ओ, अगदी स्वच्छ वाचता येणारा.

"आधी हे शिवलं होतंस?"

"हो."

"कधी उसवलंस?"

"काल दुपारी."

तळणीत तेल तडतडत होतं. लेकराने हिशोब केला. तिला तो ऐकू येत होता.

"मग बुधवारी..."

"बुधवारी मला काहीच माहीत नव्हतं," नोएमी म्हणाली. "मला वाटलं तुला वर्गाने गाळलं. मी तुझ्या बाजूने भांडत होते, मूर्खासारखी. तुझंच नाव खोडून."

"आणि मी तुला मिठी मारली."

"हो."

"मग तू बोलली का नाहीस, आई? विचारायचं ना, कशाबद्दल म्हणून!"

नोएमीने तळणीतला काटा खाली ठेवला. "सहा महिन्यांनी माझ्या जवळ आलास," ती म्हणाली. "विचारलं असतं आणि तू सोडून दिलं असतंस म्हणजे?"

लेकरू काही वेळ हुडीच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवत राहिलं. मग त्याने खुर्ची ओढली, टेबलाशी बसलं आणि दोन्ही हात पुढे ठेवले.

"आता विचार," ते म्हणालं.

नोएमीने गॅस बंद केला, समोरच्या खुर्चीत बसली आणि विचारलं.